ग्रहांच्या दगडांवर काम करायचंय? आधी भांडी धुवायला शीक

तुला मंगळाची रसायनं उलगडायचीत, हे वाचून फार आनंद झाला. पण सुरुवातीचे बरेच महिने ऍसिडने भांडी धुण्यात जातील. त्याचा कंटाळा करू नकोस. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय काढण्यासाठी उल्कांमधलं शिसं मोजायला बसले, तेव्हा हवेतलं, काचेतलं, रसायनांतलं शिसंच नमुन्यात मिसळत होतं. ते हुसकावण्यात त्यांची वर्षं गेली, तेव्हा कुठे १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं त्यांनी मांडलं. म्हणून नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर एक कोरा नमुनाही चालव, म्हणजे दगड न घालता तीच सगळी कृती कर. रिकाम्या भांड्यात किती शिसं निघतं हे कळल्याशिवाय स्वतःच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

एमएस्सी भूशास्त्रात केलीस तर रसायनशास्त्र भरून काढ, रसायनात केलीस तर दगड ओळखायला शीक. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) उल्कांवर काम चालतं, तिथली माहिती काढ.

आणि लोणारला नक्की जा. उल्कापाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकात, पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आहे, आणि मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच! मात्र परवानगीशिवाय तिथला खडाही उचलू नकोस.

मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांशी निवांत बोल.