ताऱ्यांच्या दरम्यानच्या सगळ्या ढगांत सारखेच रेणू का सापडत नाहीत?

खानापूरच्या बारावीतल्या मित्रा, निम्मं उत्तर कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या प्रमाणात आहे. (उरलेलं तापमान, घनता, अतिनील किरण.)

कार्बन मोनॉक्साइडचा बंध सगळ्यांत बळकट. त्यामुळे जो अणू कमी, तो जवळजवळ सगळा त्यातच संपतो. पुढचं रसायनशास्त्र उरलेल्याचं. सूर्यात दर दहा लाख हायड्रोजनमागे ऑक्सिजन साधारण 500, कार्बन 300च्या आत. अशा मिश्रणात पाणी, सिलिकॉन मोनॉक्साइड असले रेणू होतात. उलट सिंह राशीतल्या सीडब्ल्यू लिओनिस या कार्बनताऱ्याभोवती (म्हणजे ज्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त) ॲसिटिलीन, हायड्रोजन सायनाइड आणि कार्बनच्या लांब साखळ्या. वृषभेतल्या काळ्या ढगात अशा साखळ्या आहेत, पण तिथलं कारण वेगळं समजतात: बराच ऑक्सिजन धूलिकणांवर बर्फ होऊन बसलाय, म्हणून वायूत कार्बन वरचढ. म्हणजे एकूण किती आहे यापेक्षा वायूत किती उरलंय ते बघ. पुस्तकं हे फारसं सांगत नाहीत.

जड मूलद्रव्यंच (म्हणजे हेलियमपेक्षा जड सगळी) कमी असतील तर धूळही कमी. हायड्रोजनचा रेणू मुख्यतः धुळीवरच जुळतो, आणि अतिनील किरण अडवायलाही धूळ लागते. छोटा मॅगेलन मेघ म्हणजे आपल्या शेजारची एक लहान दीर्घिका, तिच्यात जड मूलद्रव्यं सूर्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. तिथे कार्बन मोनॉक्साइड ढगांच्या दाट गाभ्यातच टिकतो. बेळगावातून तो मेघ शोधू नकोस, क्षितिजाला जेमतेम एक-दोन अंश वर येतो. वृषभ मात्र जांबोटीकडे जाऊन जानेवारीत खुशाल बघ.