फायनान्समध्ये लागला म्हणजे वसुलीवालाच झाला का?

लातूर, नांदेड, परभणीकडचे पालक फिरून फिरून एकच धास्ती सांगतात: बँकेची परीक्षा निघेना, आणि खासगी फायनान्समध्ये घालावं तर पोरगं दारोदार हप्ते मागत हिंडणार.

असाच एक बी.कॉम. झालेला मुलगा वडिलांसोबत माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आला. वय 27. खुल्या प्रवर्गाला क्लार्कची कमाल वयोमर्यादा 28, पीओची, म्हणजे बँकेतल्या अधिकारीपदाची, 30. पूर्वपरीक्षा निघायची, मुख्य परीक्षेत गाडी अडायची.

"मॅडम, फायनान्समदी हाय म्हणलं की सोयरीक जुळंना. लोकं गाड्या ओढून नेणारा समजतेत," वडील म्हणाले.

"सध्या काय करतोस?"

"काही नाही. मामाच्या कृषी सेवा केंद्रावर बसतो. उधारीची वही बघतो."

"उधारी कुणाला देतोस?"

खाली मान घालून बसलेला मुलगा सावरून बसला. "नुसती जमीन बघून नाही देत. आठ एकर सोयाबीन असलं, पण पाणी नसलं, तर हात आखडता. दुधाचा धंदा असला तर वरचेवर पैसा येतो, त्याला देतो. सोयाबीनवाल्याला दिवाळीआधी मागून उपयोग नाही, तूरवाल्याला संक्रांतीच्या पुढंच."

"बुडाले कुणाचे?"

"ज्याची आधीच दोन दुकानांत उधारी होती त्याचे. आता आधी शेजारच्या दुकानात विचारतो."

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. कर्ज मंजूर करणारा क्रेडिट ऑफिसर दुसरं काय करतो? शेजारच्या दुकानात विचारणं म्हणजेच सिबिल रिपोर्ट, म्हणजे माणसाच्या आधीच्या कर्जांचा आणि परतफेडीचा अहवाल, काढणं. कलचाचणीच्या कागदापेक्षा माणूस न विचारता कशावर बोलत सुटतो, ते मी ऐकते. बहुतेक वेळा वाट तिथंच सापडते.

कर्ज देणाऱ्या कंपनीत मोटामोटी चार कामं असतात. विक्रीवाला गिऱ्हाईक आणतो, टार्गेट त्याच्या डोक्यावर. क्रेडिटवाला दुकान, शेत, बँक स्टेटमेंट बघून कर्ज द्यायचं का, किती, ते ठरवतो. ऑपरेशन्सवाला कागदपत्रं तपासून पैसे सोडतो. वसुली हे चौथं काम, आणि तेही नीट केलं तर हलकं नाही.

क्रेडिटचा हिशोब असा: महिन्याची निव्वळ कमाई 30,000, चालू हप्ते 8,000, नवा हप्ता 7,000. म्हणजे निम्मी कमाई हप्त्यांत गेली; बऱ्याच कंपन्या साधारण तिथंच थांबतात. नवखा चुकतो तो वेगळ्याच ठिकाणी. नोव्हेंबरात सोयाबीनची पट्टी खात्यात जमा झालेली दिसते आणि तो तीच दरमहाची कमाई धरतो. खर्च वजा करून ती रक्कम बारा महिन्यांवर पसरायची असते. तसं केलं नाही तर हप्ता उन्हाळ्यात थकतो. या मुलाला हे शिकवायची गरज नव्हती; एक्सेल आणि बँक स्टेटमेंट वाचणं तेवढं शिकायचं होतं. तो ते शिकला आणि लातूरच्या एका शाखेत क्रेडिट असिस्टंट म्हणून लागला. पीओचा अभ्यासही चालू आहे, तिशीपर्यंत मुदत आहे.

मुलाखतीला जाताना मात्र "पगार किती" एवढंच विचारून परत येऊ नका. विभाग कोणता? ठरलेला पगार किती, इन्सेंटिव्ह किती? पेट्रोल वेगळं मिळतं का? लहान शाखेत क्रेडिटच्या माणसालाच थकलेल्या हप्त्यांमागं पाठवतात, म्हणून "वसुली करावी लागेल का, किती?" हे स्पष्ट विचारा आणि नेमणूकपत्रात कामाचं स्वरूप लिहून घ्या. नोकरीसाठी कुणी "रजिस्ट्रेशन"चे पैसे किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला मागितली, तर तिथूनच माघारी फिरा.