नव्या मुख्याध्यापिकेला

डिचोलीच्या शाळेचा चार्ज घेतलास, अभिनंदन. पहिला महिना एकही नवा नियम काढू नकोस. रोज एका वर्गात मागच्या बाकावर जाऊन बस, चुका शोधायला नव्हे, ऐकायला. मी उलटं केलं होतं: आल्या आल्या वेळापत्रक बदललं, आणि गणेश चवथीपर्यंत स्टाफरूममध्ये कुणी माझ्याशी धड बोलेना.

शाळा व्यवस्थापन समितीला सहीपुरतं बोलावू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका. बैठक संध्याकाळी ठेव, म्हणजे बाजारात भाजी विकणारी आईही येईल. स्नेहसंमेलन तरुण शिक्षकाकडे सोपव. चुकला तर लोकांसमोर उत्तर तू दे, त्याला मागाहून एकट्यात सांग. आणि छपराचं काम शिपायाला विचारून काढ. गळतं कुठे ते त्यालाच ठाऊक!