आठ महिने ॲपवर रोज अर्धा तास जर्मन शिकतोय, तरी दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. वय ३८ आहे म्हणून होतंय का?

वयाला कशाला दोष देताय, मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू केलं, क्लास न लावता, ऑफिस सांभाळून. आणि पहिलं जवळपास वर्षभर तुमच्यासारखंच चाललं होतं, म्हणजे ॲपवर रोज हिरवी टिक, सलग दिवसांचा आकडा दोनशेच्या वर, आणि तोंड उघडलं की नुसतं "इश... इश..." (म्हणजे "मी... मी...") आणि पुढे गाडी बंद.

आधी जरा हिशोब करू. तुम्ही रोज अर्धा तास म्हणताय, आठ महिन्यांचे झाले साधारण १२० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, तिथे जर्मनला साधारण ३६ आठवडे धरतात, तेही पूर्णवेळ, आठवड्याला २३ ते २५ तास वर्गात बसून, वर गृहपाठ वेगळा, आणि त्या लोकांचं कामच ते असतं. तेव्हा तुमचं काही फार बिघडलेलं नाहीये, तास कमी पडलेत.

पण तास हे अर्धंच कारण. खरा घोळ वेगळा आहे. ॲप चार पर्याय देतं आणि त्यातला बरोबर कुठला ते विचारतं. हे झालं ओळखणं. बोलताना समोर पर्याय नसतात, तिथे आठवावं लागतं. रस्त्यात कोणी भेटतं, चेहरा अगदी ओळखीचा, पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं. तुम्ही आठ महिने चेहरे ओळखायची प्रॅक्टिस केलीय आणि आता नावं विचारल्यावर अडताय.

मी काय केलं सांगतो. तीन कप्प्यांचा एक खोका घेतला आणि कागदाची छोटी कार्डं केली, वरच्या बाजूला मराठी आणि मागे जर्मन. उलटं नाही हं! जर्मन बघून मराठी सांगणं सोपं असतं आणि त्याने उगाच आपल्याला येतंय असं वाटत राहतं. मराठी वाचायचं, जर्मन मोठ्याने म्हणायचं आणि मगच कार्ड उलटायचं. बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. हे माझं डोकं नाही बरं का, लाइटनर नावाच्या माणसाने १९७२ साली लोकांपुढे आणलेली पद्धत आहे, आणि आपण किती पटकन विसरतो हे तर एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. मोबाईलवर अंकी (Anki) नावाचं कार्डांचं ॲप आहे, तेही साधारण याच तत्त्वावर चालतं, पण मला हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं.

कार्डावर सुटा शब्द लिहू नका, लिंगासकट लिहा. मी सुरुवातीला नुसतं "ल्योफेल म्हणजे चमचा" असं पाठ केलं आणि नंतर रडलो. जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती आणि सुरी चक्क ते: डेअर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. का, असं विचारू नका, आपण तरी खुर्ची ती आणि टेबल ते का म्हणतो? उलट आपल्याला तो-ती-ते लहानपणापासून अंगवळणी पडलंय, इंग्रजीवाल्यांना हे मुळापासून शिकावं लागतं.

यावरून सगळ्यात महत्त्वाचं. मनात इंग्रजीतून जाऊ नका, मराठीतून जा. बहुतेक ॲपं इंग्रजीतूनच शिकवतात त्यामुळे आपणही नकळत तसाच विचार करायला लागतो. मी एकदा एका जर्मन बाईंशी ऑनलाइन बोलताना "इश बिन काल्ट" म्हणालो, आय ॲम कोल्डवरून सरळ उचललेलं, त्या हसायलाच लागल्या कारण त्याचा अर्थ मी भावनाशून्य माणूस आहे असा काहीतरी होतो. बरोबर वाक्य "मीर इस्ट काल्ट", म्हणजे मला थंडी वाजतेय. बघा, मला! "एस गेफेल्ट मीर" म्हणजे मला ते आवडतं. कंटाळा आला तरी तसंच, मीर. आणि "कारण माझ्याकडे वेळ नाही" म्हणताना "वाइल" लावलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, आपल्यासारखंच. हे कळल्यावर मला फार चिडायला झालं होतं, इतके महिने लांबच्या रस्त्याने चाललो होतो म्हणून.

बोलायला माणूस नसेल तर फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा. दर रविवारी एक मिनिट, आज काय काय केलं ते. माझं पहिलं रेकॉर्डिंग अजून आहे, त्यात दहाएक सेकंद जर्मन आणि बाकी "अं... अं..." आहे. जिथे अडलात तोच शब्द दुसऱ्या दिवशी कार्डावर, म्हणजे पुस्तकातले नाही, तुम्हाला खरंच लागणारे शब्द जमतात. ऐकायला दोन मिनिटांची एकच क्लिप घ्या आणि आठवडाभर तीच, तिच्या मागोमाग बोलत. रोज नवीन ऐकण्यापेक्षा याचा फायदा जास्त होतो असा माझा तरी अनुभव आहे. व्याकरणाचं एक पुस्तक असू दे, अडलं की उघडायचं.

ॲप बंद करा असं नाही म्हणत, दहा मिनिटं चालू दे. उरलेली वीस कार्डांना आणि बोलायला. आणि आज कार्डं करायला बसलात तर वीसच करा, मी पहिल्याच दिवशी जोशात शंभर केली होती आणि चौथ्या दिवशी तो खोका कपाटात गेला तो तीन आठवडे बाहेर आला नाही.