दम्याचा पंप चालू असताना मसल रिलॅक्संटची गोळी चालते का?

तुम्ही विचारलंय की फोराकोर्टचा पंप (फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड असलेला) रोज चालू आहे, पाठीत उसण भरलीय, स्नायू सैल करणारी गोळी घेतली तर दोन्हींची रिॲक्शन होईल का. पंपाची काळजी सोडा. गोळीची पट्टी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

आपल्याकडे नुसता मसल रिलॅक्संट क्वचितच हातात पडतो. थायोकोल्चिकोसाइड असो, टिझानिडीन असो नाहीतर क्लोरझॉक्साझोन, त्याच्या गळ्यात बहुतेक वेळा ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक बांधलेलं असतं. आणि ही वेदनाशामकं काही दमेकऱ्यांना अजिबात सोसत नाहीत. धोका असलाच तर तो तिथे आहे.

आमच्या घरी हे गौरी यायच्या आदल्या दिवशी झालं. आईने माळ्यावरून मुखवट्यांची पेटी काढली आणि अशी उसण भरली की तिला सरळ उभं राहता येईना. मोठे मामा आलेलेच होते. मोठे मामा म्हणजे आमच्या घराण्याचे बिनपदवीचे सिव्हिल सर्जन. नाक्यावरच्या मेडिकलमधून ते ‘कंबर मोकळी करायची गोळी’ घेऊन आले. चिठ्ठी ना यांच्याकडे होती, ना त्याने मागितली. दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून दिलेली, त्यामुळे कंपनीचं नाव गेलेलं. मागच्या चंदेरी कागदावर ‘...फेनॅक १०० मिग्रॅ’ आणि त्याखाली थायोकोल्चिकोसाइड ४ मिग्रॅ, एवढंच उरलं होतं.

आईने चहाबरोबर एक घेतली. तासाभरात नाकातून पाणी, डोळे लालबुंद, चेहरा तापलेला, आणि मग छातीत शिट्टी. घरात दमा असणाऱ्यांना ती शिट्टी पलीकडच्या खोलीतूनही ओळखू येते. स्पेसर लावून अस्थालिन (साल्बुटामॉलचा, तात्पुरत्या आरामाचा पंप) दिला, पुन्हा दिला, फरक पडेना. रिक्षात घालून दवाखाना गाठला. ऑक्सिजन, नेब्युलायझर, स्टेरॉइडचं इंजेक्शन, सगळं झालं. त्या वर्षी आमच्या गौरी शेजारच्या काकूंनी बसवल्या.

तिथल्या पोरसवदा डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं ते वेगळंच. नाकात पॉलिप, म्हणजे मऊ मांसल गाठी, होत्या का? वास नीट येतो का? आईचं पॉलिपचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि फोडणी करपली तरी तिला पत्ता लागत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मग त्याने पट्टी मागितली, दिव्याखाली धरली, आणि म्हणाला, ‘मावशी, ही जात तुम्हाला आयुष्यभर बंद.’

ॲस्पिरिन आणि त्याची सगळी भावकी (ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, ब्रुफेन त्यातलीच) कॉक्स-१ नावाचं एन्झाइम अडवते. ज्यांना हा त्रास आहे त्यांच्या शरीरात त्यामुळे ल्युकोट्राइन्स नावाची दाह वाढवणारी रसायनं उसळतात आणि श्वासनळ्या आवळल्या जातात. मोठ्या वयाच्या दमेकऱ्यांत साधारण शंभरात सात जणांना हे होतं, दमा तीव्र असेल तर त्याच्या दुपटीच्या आसपास. दमा, नाकातले पॉलिप आणि ॲस्पिरिन न सोसणं, या त्रिकुटाची नोंद फ्रान्समध्ये विडाल यांनी १९२२ मध्येच केली होती. शंभर वर्षं उलटली, तरी काउंटरवर कुणी ‘दमा आहे का हो?’ एवढंही विचारत नाही.

आता मामांचं ऐका. ‘पंपही सैल करणारा, गोळीही सैल करणारी, डबल डोस झाला! पंपाची सवय लावू नका म्हणून मी आधीच सांगत होतो.’ हे व्याख्यान आजही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत होतं. तर मामा, कधी वाचनात आलं तर बघा. पंपातलं फॉर्मोटेरॉल श्वासनळ्यांभोवतीच्या स्नायूंवर बीटा-२ रिसेप्टरमधून काम करतं. तुमची गोळी मज्जासंस्थेतून पाठीच्या स्नायूंवर. दोघांची खातीच वेगळी. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, तुम्ही आणलेलं ते ‘...फेनॅक’ शंभर मिलिग्रॅम होतं. आणि या व्याख्यानापायी माझ्या मामेबहिणीने रोजचा पंप सोडला. आता पर्समध्ये निळा अस्थालिन लपवून ठेवते आणि त्याच्यावरच दिवस ढकलते. नुसत्या साल्बुटामॉलवर दमा सांभाळू नका असं दम्यावरच्या ‘जीना’ (GINA) या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २०१९ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ती मामांपेक्षा मोठी थोडीच!

असो. तुमची गोळी खरोखरच नुसता रिलॅक्संट असेल, तर नेहमीच्या डोसच्या पंपाशी तिचं मोठं भांडण नाही. टिझानिडीनने बीपी उतरतं आणि गुंगी येते, फॉर्मोटेरॉलने नाडी वाढते, हात थरथरतात. दोन्ही मिळून अंथरुणातून झटकन उठलात तर गरगरेल, धडधडेल. थायोकोल्चिकोसाइड पोटातून सात दिवसांपेक्षा जास्त देऊ नये आणि गरोदरपणात तर देऊच नये, असं युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये सांगितलंय. आपल्याकडे ते महिना-महिना चालतं. आणखी एक, निळा पंप वरचेवर मारत असाल तर पोटॅशियम उतरून पायात गोळे येऊ शकतात. तसं असेल तर दुखण्याचं मूळ पाठीत शोधण्याआधी डॉक्टरांना पंपाचा हिशोब सांगा.

मी बँकेत नोकरी करते, डॉक्टर नाही. आणि सगळ्यांना आईसारखं होत नाही. ब्रुफेन वगैरे हल्लीच घेऊन काही झालं नसेल तर उगाच धसका घेऊ नका. मात्र हे चाळिशीच्या आसपास नव्यानेही सुरू होतं. पॉलिप होण्याआधी आईनेही ब्रुफेन बिनदिक्कत खाल्लेली आहे. पॅरासिटामॉल ५०० बहुतेकांना सोसतं. इटोरिकॉक्सिब हे वेदनाशामकही बऱ्याच जणांना चालतं, पण पहिली गोळी डॉक्टरांना विचारूनच. रोजचा पंप काही झालं तरी बंद करू नका.

आणि हो, छातीत कफ झाला म्हणून कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, तर त्याच्या जोडीला टिझानिडीन अजिबात नको. रक्तातलं टिझानिडीन कित्येक पटींनी वाढतं आणि बीपी धाडकन खाली येतं. दम्यासाठी डेरिफिलिनची गोळी घेत असाल तर तेही सांगा, सिप्रोने त्यातलं थिओफिलिनही वाढतं.