‘घरबसल्या काम’ आणि न लागणारी झोप

घरबसल्या कामाच्या नावाखाली फसलेली माणसं माझ्याकडे पैशांची तक्रार घेऊन क्वचितच येतात. झोप लागत नाही, फोन वाजला की छातीत धडधडतं, चिडचिड होते, अशी कारणं सांगतात. पैशांचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो, तोही खाली मान घालून. आणि मग हमखास एक प्रश्न येतो, ‘मी एवढी शिकलेली, मला कळायला नको होतं का?’

ज्या ताईंची गोष्ट सांगतेय (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), त्यांनी टायपिंगचं काम घेतलं होतं. नोंदणीसाठी थोडी रक्कम, मग मजकुराची स्कॅन केलेली धूसर पानं. दिलेल्या मुदतीत ती टाइप करायची, चुका ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवायच्या, की मोबदला. ताईंनी रात्री जागून काम वेळेत पुरं केलं. उत्तर आलं, ‘तुम्ही अपात्र ठरलात.’ पाठोपाठ ‘करारभंगा’ची भरपाई मागणारे मेसेज आणि स्वतःला वकील म्हणवणाऱ्या माणसाचे फोन.

माझ्याकडे येताना त्यांनी एक वही आणली होती. आपण टाइप केलेलं प्रत्येक पान मूळ पानाशी ताडून कुठे स्वल्पविराम राहिला, कुठे जोडाक्षर चुकलं, हे त्यांनी त्यात लिहून काढलं होतं. अपराध्यासारखं! ती वही बघून माझ्या लक्षात आलं, की या बाई लोभाने फसलेल्या नाहीत. आपण घेतलेलं काम नीट करू शकलो नाही, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती, आणि समोरच्याला नेमकं तेच हवं होतं. लोक सहज म्हणतात, ‘हाव नडली.’ माझा अनुभव वेगळा आहे. या सापळ्यात शब्दाला जागणारी माणसं जास्त खोल अडकतात, कारण बेफिकीर माणूस पहिल्याच धमकीला नंबर ब्लॉक करून मोकळा होतो.

मी त्यांना विचारलं, ‘छापलेला मजकूर पुन्हा टाइप करून कुणाला हवा असेल?’ स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं ओळखायचं काम संगणक चुटकीसरशी करतो. पाकिटं भरायच्या जुन्या जाहिरातींचंही तेच, ते काम यंत्रं करतात. ताईंनी टाइप केलेली पानं बहुधा कुणी उघडलीसुद्धा नसतील. चुका एक टक्का असत्या किंवा शून्य, निकाल आधीच ठरलेला होता. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ रडल्या, मग एकदम चिडल्या. मला ती चीड बरी वाटली.

नंतर त्या मेसेजमधून आलेली ‘नोटीस’ त्यांना सावकाश, मोठ्याने वाचायला सांगितली. न्यायालयाचं नाव नाही, खटल्याचा क्रमांक नाही, ‘आज संध्याकाळपर्यंत पैसे न भरल्यास अटक’ आणि खाली कुणा एका व्यक्तीच्या नावाचं खातं. ‘अटक’ या शब्दाला त्या अडखळतील असं मला वाटलं होतं. त्या खात्यापाशी थांबल्या. ‘दंड माणसाच्या खात्यात कसा भरायचा?’ त्यांनीच विचारलं.

हल्ली दुसरा प्रकार जास्त दिसतो. व्हिडिओला लाइक द्या, हॉटेलला रेटिंग द्या, लगेच थोडे पैसे खात्यात. ते खरोखर येतात, आणि तिथेच विश्वास बसतो. मग ‘पुढच्या टास्क’साठी आपल्याला पैसे भरायला सांगतात. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अंगणात सुरक्षित वाहनचालनाचा भलामोठा फलक लावू द्याल का, असं थेट विचारल्यावर साधारण 17 टक्के लोक तयार झाले. ज्यांनी आधी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यात मात्र सुमारे 76 टक्के. पहिला छोटा ‘हो’ माणसाला पुढच्या मोठ्या ‘हो’कडे नेतो. त्यामुळे ‘आधी त्यांनी मला पैसे दिले होते’ हा खरेपणाचा पुरावा धरू नका.

ताईंचा पुढचा प्रश्न रास्त होता. मग घरून काम शोधायचंच नाही का? शोधायचं. नोकरी देणारा पैसे मागत असेल तर तिथेच थांबायचं. व्यवसायाची संधी विकणारे मात्र पैसे घेतातच, म्हणून तिथे घोळ होतो. अमेरिकेत 2012 पासून लागू असलेल्या नियमानुसार अशा विक्रेत्याला पैसे घेण्याच्या किमान 7 दिवस आधी लेखी माहिती द्यावी लागते: तो कोण आहे, त्याच्यावर कायदेशीर कारवाई झाली आहे का, पैसे परत मिळतात का, कमाईचा दावा कशावरून, आधी कुणी ही संधी घेतली. आपल्याला तो नियम लागू असो-नसो, हे प्रश्न विचारायला कोण अडवतंय? आणि ते 7 दिवस स्वतःला द्यायचेच. ‘आजच जागा भरतील’ म्हणणाऱ्याची जागा खुशाल भरू द्या. ग्रुपवर कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारे बहुतेक त्यांचेच असतात, त्यांना साक्षीदार धरू नका.

पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला कळवा, लगेच, कारण पुढे फिरवलेली रक्कम अडवणं तासागणिक अवघड होतं. मेसेज पुसू नका, पोलिसांच्या सायबर विभागाला तेच लागतात. ओळखपत्रांच्या प्रती दिल्या असतील तर तक्रारीत तेही लिहा. आणि घरातल्या एका माणसाला सांगा. माझ्या लेखी हे बँकेइतकंच तातडीचं आहे, कारण ‘घरी कळवू’ ही धमकी घरी ठाऊक नसेल तोवरच चालते.

ताईंनी त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं. तो आधी रागावला, मग तक्रार द्यायला सोबत गेला. नोंदणीची रक्कम परत मिळाली नाही. धमक्या काही दिवस आल्या आणि उत्तर मिळेना तशा थांबल्या. पुढे एकाचा फोन आला, ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा.’ फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, त्यामुळे असा फोन येऊ शकतो, हे आम्ही आधी बोललो होतो. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि नवऱ्याला हाक मारली.