साबणाची वडी आणि आईचं ‘नाही रे बाळा’

‘मॅडम, स्क्रीनवर बोलून मंत्रचळ जाईल का हो?’ ज्यांच्या मुलाला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ (नको तो विचार डोक्यातून जात नाही आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते तो आजार) आहे, ते आईवडील पहिल्याच फोनवर हे विचारतात. पुण्याला यायला जमत नाही, म्हणून नाइलाजाने ऑनलाइन, असा सूर असतो. मला हल्ली उलटंच वाटतं.

अकरा वर्षांचा एक मुलगा, त्याला चिनू म्हणू या. घर उदगीरकडचं. चपलेला हात लागला की जंतू आईला लागणार आणि ती मरणार, हा विचार त्याला सोडत नसे. धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. साबणाची वडी दोन दिवसांत संपायची. आजी खूश, पोर सोवळं पाळतंय!

पहिल्या तीन भेटी ओळखीत गेल्या. भीतीला दहापैकी मार्क द्यायला तो शिकला आणि ‘धू, धू’ म्हणणाऱ्या मंत्रचळाचं नाव त्याने ‘इन्स्पेक्टर’ ठेवलं. चौथ्या भेटीत मी फोन मोरीजवळ बादलीला टेकवून ठेवायला सांगितला. चिनू नळाखाली हात धरून विचारतोय, ‘आई, काही होणार नाही ना?’ स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, ‘नाही रे बाळा.’ पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. मी मोजलं, सात वेळा. मगच नळ बंद झाला.

माझ्या केबिनमध्ये हे मला जन्मात ऐकू आलं नसतं. आईचं उत्तर हाही धुण्याचाच भाग होता.

‘उत्तर नाही दिलं तर रडतो हो,’ आई म्हणाली. म्हणून काय बोलायचं ते चिनूलाच ठरवू दिलं: ‘हे इन्स्पेक्टर विचारतोय, मी चिनूशी बोलते.’

आधी सोप्या पायऱ्या झाल्या. सातव्या भेटीत चपलेच्या तळाला बोट लावायचं, तेच आईच्या पदराला पुसायचं आणि नळाकडे जायचं नाही, असं ठरलं. भीती नऊ. त्याचे डोळे भरले, आईने ओठ दाबून धरले. धीर द्यायला माझीही जीभ शिवशिवत होती, पण मी गप्प बसले. पंधराव्या मिनिटाला सात. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तो चक्रावून म्हणाला, ‘मॅडम, चार झाली. मी तर काहीच केलं नाही!’

मी विवेकनिष्ठ पद्धतीत, म्हणजे विचारांशी वाद घालण्यात मुरलेली. पण मंत्रचळाशी वाद घातला की तो नवा मुद्दा काढतो. भीतीसमोर थांबायचं आणि धुवायचं नाही, हा मार्ग लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये मांडला. आजही उपचाराचा कणा तोच. लंडनमध्येच 11 ते 18 वयाच्या 72 मुलांवर झालेल्या, 2014 च्या अभ्यासात फोनवरचे उपचार समोरासमोरच्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत.

पण हे वाचून उद्यापासून उत्तरं एकदम बंद करू नका. मुलाशी ठरवून, सगळ्यात कमी मार्कांच्या भीतीपासून सुरुवात करा. रागावून नळ बंद करणं म्हणजे उपचार नव्हे. जेवण, झोप, शाळा सुटली असेल किंवा मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे आधी जा. औषधं आणि हे उपचार जोडीने चालतात. जवळ कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे.

परवा चिनूच्या आईचा मेसेज आला: ‘मॅडम, वडीला आज बारावा दिवस. अजून निम्मी आहे.’